टेन्शन घेतलं की माणूस वाळतोच का?

‘काळजीने माणूस झिजतो, अंगाने भरलेला दिसतोय म्हणजे याला कसलं टेन्शन?’ अशा अर्थाचे मेसेज वर्षानुवर्षं फिरतात. समज अगदीच निराधार नाही. परीक्षेच्या सकाळी घास घशाखाली उतरत नाही, हा अनुभव खराच आहे. अचानक आलेल्या ताणात अ‍ॅड्रेनलिन हे हार्मोन वाढतं आणि भूक तात्पुरती मरते.

गफलत पुढे होते. ताण महिनोन्‌महिने टिकला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढं राहू शकतं. त्याने भूक वाढते, तीही गोड आणि तेलकट पदार्थांची, आणि चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल राहतो. त्यात झोप उडालेली. अपुऱ्या झोपेने भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढू शकतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटू शकतं. रात्री साडेअकराला, जेवण होऊनही हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो तो असा. अर्थात, कॉर्टिसॉल हवेतून चरबी बनवत नाही. जास्तीचं खाणं आणि कमी झालेली हालचाल लागतेच.

काहींचं वजन मात्र खरोखर उतरतं. म्हणून अंगकाठीवरून मनाचा अंदाज बांधता येत नाही.

स्वतःचं पाहायचं तर तीन आठवडे वही ठेवा: सकाळी उठल्यावरचं वजन, झोपेचे तास, भूक नसताना खाल्लेलं काय आणि कधी. एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व देऊ नका, पाण्यानेही किलोभर फरक पडतो. प्रयत्न न करता 6 ते 12 महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन घटलं, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडू नका. थायरॉइड, मधुमेह तपासून घ्या.