रोजगार-व्हिसा व मालकाचे दायित्व (बडोदे)

भारतात नोकरीसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकास केंद्र शासन जो व्हिसा देते, त्यास रोजगार-व्हिसा म्हणतात. तो नोकरदाराच्या पासपोर्टवर असला, तरी ठरावीक मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो. म्हणून मालकाचे दायित्व हाच या विषयाचा गाभा होय.

बडोद्यात परकीयांना चाकरीस ठेवण्यावरील निर्बंध व्हिसाहून बरेच जुने आहेत. २१ एप्रिल १८०५ च्या तहान्वये कंपनी सरकारच्या संमतीवाचून कोणाही युरोपीय वा अमेरिकी माणसास, तसेच कंपनीच्या हिंदी प्रजाजनास चाकरीस न ठेवण्याचे गायकवाडांनी मान्य केले; उलटपक्षी गायकवाडांचे चाकर त्यांच्या मर्जीविरुद्ध न घेण्याचे कंपनीनेही कबूल केले. शिंद्यांशी ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहातही अशाच आशयाचे कलम असून त्यात फ्रेंचांचा उल्लेख स्पष्ट आहे. या कलमांत आजच्या व्हिसाचे मूळ शोधता येईल. परंतु त्यांचा हेतू राजकीय होता, स्थानिकांच्या रोजगाराचे रक्षण हा नव्हे. त्यामुळे १८६४ चा परकीयांविषयीचा कायदा व १९३९ चा नोंदणी कायदा यांपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. बडोद्यात परकीयास चाकरीस ठेवल्याचे पुढील काळातील उदाहरण म्हणजे तिसऱ्या सयाजीरावांनी ग्रंथालयांच्या उभारणीसाठी आणलेला अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन; तो १९१० ते १९१३ या काळात येथे होता.

सध्या १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेला आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम लागू आहे. मालकसंस्था भारतात नोंदलेली असावी, काम कारकुनी वा सर्रास भारतीय उमेदवार मिळतील असे नसावे आणि वार्षिक पगार सामान्यतः १६.२५ लाख रुपयांहून अधिक असावा, अशा अटी आहेत. खास विदेशी पाककृतींचे आचारी, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक व दुभाषे यांना पगाराची अट लागू नाही. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. करारपत्र व मालकाचे हमीपत्र अपुरे राहिले, तर अडकून पडतो तो नोकरदार. चूक मात्र बहुधा मालकाच्या कचेरीची असते. घरमालकही यातून सुटत नाही: दांडिया बाजारातील एखाद्या मराठी कुटुंबाने माडीवरची खोली परदेशी अभियंत्यास भाड्याने दिली, तर त्यांनी २४ तासांत त्याच्या आगमनाची माहिती देणारा नमुना (पूर्वीचा ‘सी’ नमुना, आता नमुना तीन) भरून द्यावयाचा असतो.

वादाचा मुद्दा भविष्यनिर्वाह निधीचा आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ हा वेगळा वर्ग करण्यात आला. भारतीय कामगाराच्या बाबतीत सक्तीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच असते. परदेशी कामगाराच्या बाबतीत मात्र ती संपूर्ण वेतनावर आकारली जाते. जर्मनी, जपान यांसारख्या सामाजिक सुरक्षा करार असलेल्या देशांतून पाठविलेल्या कामगारांनी आपण तेथील सामाजिक सुरक्षा योजनेत असल्याचे प्रमाणपत्र सादर केल्यास सूट मिळते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगारांसाठीची ही वेगळी तरतूद भेदभावकारक ठरवून रद्द केली, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती वैध ठरविली. समान कामगारांत केवळ नागरिकत्वावरून भेद नसावा, हा कर्नाटकातील युक्तिवाद वजनदार आहे. तथापि निर्णायक निकाल लागेपर्यंत बडोद्यातील मालकाने वर्गणी भरत राहणे सुरक्षित होय.

नोकरदाराच्या कुटुंबीयांस आश्रित म्हणून वेगळा व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी करता येत नाही.