शेताशेजारी जमीन घेताय? आधी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचा

मुळशी, मावळ, पुरंदर भागात शनिवारी जमीन बघायला गेलात की एजंट आधी डोंगर दाखवतो. तुम्ही आधी सातबारा मागा.

शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. महाराष्ट्रात कुठेही तुमच्या नावावर सातबारा असेल तर पुराव्याचा प्रश्न सुटतो. एनए (बिगरशेती) प्लॉटला ही अट नाही. "शेतकरी दाखला नंतर काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, व्यवहार बेकायदा ठरला तर जमीनही जाते.

कागद म्हणजे चालू सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी), गावनकाशा आणि मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा). डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो. 'भोगवटादार वर्ग 2' (सरकारी अटींवर दिलेली जमीन) दिसला तर परवानगीशिवाय विक्री नाही. खरा वेळ द्यायचा तो 'इतर हक्क' रकान्याला. गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचा हिस्सा, पुनर्वसनाचा शेरा, सामाईक विहिरीतला वाटा, सगळं तिथेच सापडतं. विहिरीत वाटा नसेल तर शेजारी पाणी देईल ते त्याच्या मर्जीने.

"पाच गुंठे तोडून देतो" हे पुण्याभोवती सर्रास ऐकू येतं. शेती झोनमध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा वेगळा पाडता येत नाही ते, जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. मग पळवाट म्हणून दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवतात, आणि पुढे वाटप कसं व्हायचं हे कोणीच सांगत नाही.

रस्ता नकाशात आहे का बघा. बैलगाडी जाते म्हणून तुमची गाडी जाईलच असं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण शेजाऱ्याशी पहिली ओळख अशा अर्जाने झाली तर पुढची वर्षं जड जातात. रात्री थ्री-फेज आली की मोटर सुरू होणार, ऊसतोडणीला ट्रॉल्या येणार, कोंबडीखताचा वास चार दिवस राहणार. त्याची तक्रार घेऊन तलाठ्याकडे जाऊ नका. एकदा रात्री मुक्काम करून मगच इसार द्या.

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की फेरफार धरला जातो, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्यानंतर नवा उतारा काढून नाव आणि क्षेत्र ताडून बघा. चूक तेव्हाच पकडली तर दुरुस्तीचे हेलपाटे कमी पडतात.