कड लागल्याचा आवाज पंचाला केव्हा ऐकू येतो?

मार्च 2023. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. मिचेल स्टार्कचा पहिलाच चेंडू रोहित शर्माच्या बॅटची पुसटशी कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला. पंचांनी नाबाद ठरवलं, ऑस्ट्रेलियानं रिव्ह्यू (निर्णय तपासण्याची मागणी) घेतला नाही आणि अल्ट्राएजवर, म्हणजे यष्टींपाशी टिपलेला आवाज आलेखात दाखवणाऱ्या तंत्रावर, नंतर स्पाइक (आवाजाची उसळी) उमटलेला दिसला. त्या सामन्यातल्या मैदानी पंचांपैकी नितीन मेनन तर इंदूरचेच. इंदुरातल्या रामबागेतल्या कट्ट्यावर ‘घरचाच पंच हो!’ एवढं म्हटलं की विषय संपतो.

मला तो तिथे सुरू होतो असं वाटतं. पंच फलंदाजापासून साधारण 20 मीटरवर उभा असतो. प्रकाश त्याच्यापर्यंत तत्क्षणी पोचतो, आवाज मात्र सेकंदाला 340 मीटरच्या आसपास चालतो. म्हणजे ‘टक्’ कानी पडायला 0.06 सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 120 किलोमीटरनं निघालेला चेंडू बॅटपासून 2 मीटर पुढे गेलेला असतो! डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांची सांगड मेंदूनं घालायची, तीही प्रेक्षकांच्या गलक्यात. बॅट पॅडला घासली तरी आवाज होतोच. अल्ट्राएजचा माइक यष्टींपाशीच असल्यानं तिथे हा उशीर जेमतेम 4-5 मिलिसेकंदांचा.

पायचीतचं गणित वेगळं. तिथे बॉल-ट्रॅकिंगचं यंत्रसुद्धा पाहत नाही, अंदाज बांधतं. पॅडला लागेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो, पुढचा काढलेला. चेंडू टप्प्यानंतर लगेच पॅडवर आदळला, तर त्या अंदाजाला आधार कमी. म्हणून ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे काठावरच्या वेळी पंचांचाच निर्णय कायम: पंचांनी नाबाद दिलेल्या फलंदाजाला बाद ठरवायचं, तर निम्म्याहून जास्त चेंडू यष्टींवर आदळताना दिसायला हवा. लोक या नियमावर चिडतात. मला तो या यंत्रणेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

चिडायचंच तर कारभारावर चिडावं. 2008च्या सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला 30 धावांवर जीवदान मिळालं, तो नाबाद 162पर्यंत गेला. भारतानं निषेध केला आणि पुढच्या कसोटीतून पंच स्टीव्ह बकनर यांना हटवलं गेलं. त्याच वर्षी डीआरएस (रिव्ह्यूची यंत्रणा) आलं, पण बीसीसीआयनं ते 2016पर्यंत मनापासून स्वीकारलं नाही.

इंदूरच्या त्याच सामन्याचं पुढे काय झालं? तिसऱ्या दिवशी सकाळीच निकाल लागला, 31 बळी पडले. सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टी ‘खराब’ ठरवून मैदानाला 3 डिमेरिट (दंडाचे) गुण दिले. बीसीसीआयनं अपील केलं. आयसीसीच्या दोघांच्या समितीनं चित्रफीत पाहिली, उसळीतला चढउतार ‘खराब’ म्हणण्याइतका नव्हता असं म्हटलं आणि शेरा ‘सरासरीपेक्षा कमी’वर आणला. गुण उरला 1. बॉल-ट्रॅकिंगमधून चेंडूची उसळी सेंटिमीटरमध्ये काढता येते. मग शेरा बदलताना ते आकडे लोकांपुढे का ठेवू नयेत?