प्राध्यापकासोबतची परदेशवारी : माजी विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलींची पार्श्वभूमी

विद्यापीठ सोडून वीस-तीस वर्षे झालेली माणसे एका प्राध्यापकाच्या मागोमाग परदेशातली चित्रदालने, नाट्यगृहे आणि संसदभवने पाहत हिंडतात, हे दृश्य अमेरिका आणि ब्रिटनमधील विद्यापीठांच्या जगात आता नवलाचे राहिलेले नाही. निघण्यापूर्वी वाचनयादी येते, सकाळी व्याख्यान होते, दुपारी एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत गप्पा होतात आणि रात्री नाटक पाहून परतल्यावर त्या देशाच्या सरकारविषयी वाद रंगतो. या गटात प्राध्यापक का असतो, या साध्या प्रश्नाचा माग काढू लागले की त्याचे उत्तर गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदललेले दिसते, आणि ते बदलण्यामागे बहुतेक वेळा शिक्षणाबाहेरची कारणे होती.

सुरुवात सरदार घराण्यांपासून करावी लागते. सतराव्या आणि अठराव्या शतकात ब्रिटनमधील श्रीमंत घराण्यांतली मुले शिक्षणाच्या शेवटी फ्रान्स-इटलीची लांब वारी करत. ‘ग्रँड टूर’ हा शब्दप्रयोग 1670 मध्ये छापून आलेल्या रिचर्ड लॅसल्स यांच्या इटलीविषयक प्रवासग्रंथात आढळतो, आणि लॅसल्स स्वतः अशा मुलांचे शिक्षक म्हणूनच इटलीला वारंवार गेले होते. मुलाने शिल्पे आणि चित्रे पाहावीत, दरबारी रीतभात शिकावी, परक्या राज्यांचा कारभार डोळ्यांखालून घालावा आणि मुख्य म्हणजे बिघडून येऊ नये, यासाठी सोबत शिक्षक दिला जाई. कला आणि राजकारण यांची जोडी तेव्हापासूनची आहे, कारण ज्याला पुढे संसदेत बसायचे होते त्यालाच ही चित्रे दाखवली जात होती.

या प्रथेतला सर्वांत नामवंत सोबती म्हणजे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ. 1764 च्या आरंभी त्यांनी ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडले ते तरुण ड्यूक ऑफ बक्लू यांच्यासोबत फ्रान्सला जाण्यासाठी. त्याबद्दल वर्षाला 300 पौंड आणि पुढे तहहयात तेवढेच निवृत्तिवेतन त्यांना कबूल झाले होते. सत्र मध्येच सोडावे लागत असल्याने विद्यार्थ्यांनी भरलेली फी त्यांनी कागदाच्या पुड्यांत बांधून वर्गात आणली. मुले ती घेईनात, तेव्हा समोरच्या मुलाचा कोट धरून त्यांनी ती त्याच्या खिशात कोंबली, अशी आठवण सांगितली जाते. तुलूझमधले पहिले महिने कंटाळवाणे गेले, ओळखीपाळखी जुळेनात, म्हणून वेळ घालवण्यासाठी आपण एक पुस्तक लिहायला घेतले आहे, असे त्यांनी त्या जुलैत तत्त्वज्ञ मित्र डेव्हिड ह्यूम यांना कळवले. पुढे शिष्याला घेऊन ते लाँगडॉक प्रांताच्या प्रतिनिधिसभेचे कामकाज पाहायला माँपेलिएला गेले, जिनिव्हात लेखक-विचारवंत व्हॉल्तेर यांना भेटले आणि पॅरिसमध्ये केने आणि त्युर्गो या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांच्या बैठकींत बसले. 1776 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात मात्र त्यांनी या प्रथेवर कडक टीका केली : परदेशातून मुलगा अधिक अहंमन्य होऊन आणि अभ्यासाला वा कामधंद्याला कमी लायक होऊन परततो, असे त्यांचे मत होते. अनुभवाने आलेले ते मत आहे. पण त्या प्रवासात कोण किती शिकले, हे पाहिले तर शिक्षकाच्या पदरी शिष्यापेक्षा जास्त पडले असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि प्रवास सरदारांच्या हातून सुटला. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुक यांनी मद्यपानविरोधी मेळाव्यासाठी लेस्टरहून लफबरोला नेलेल्या गाडीचा दाखला सगळेच देतात, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची घटना 1888 ची आहे. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत 1884 मध्ये उभ्या राहिलेल्या टॉयन्बी हॉल या संस्थेत विद्यापीठांची व्याख्याने सर्वांना खुली होती. तिथल्या श्रोत्यांनी आपले प्रवासी मंडळ स्थापून पहिली वारी फ्लॉरेन्सला नेली. या मंडळातले एक सदस्य टॉमस ओकी हे टोपल्या विणणारे कारागीर होते. काम सांभाळून ते इटालियन शिकले, मंडळाच्या वाऱ्या आखण्यात पुढे राहिले आणि 1919 मध्ये केंब्रिज विद्यापीठात इटालियनचे पहिले प्राध्यापक झाले. अभ्याससहलीच्या साऱ्या इतिहासात याहून आनंद देणारी गोष्ट मला माहीत नाही.

विसाव्या शतकात विद्यापीठे स्वतःच वर्ग उचलून परदेशी नेऊ लागली. 1923 मध्ये डेलावेअर विद्यापीठातले तरुण प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले; 1926 मध्ये सुमारे पाचशे विद्यार्थी ‘रिंडॅम’ या जहाजावरून शिकत शिकत जगप्रदक्षिणेला निघाले. त्याच काळात सोव्हिएत संघाने 1929 मध्ये इंटूरिस्ट ही सरकारी प्रवाससंस्था काढली आणि 1933 पासून काही वर्षे नाट्यमहोत्सव भरवून परदेशी रसिकांना मॉस्कोला बोलावले. रंगभूमी पाहायला आलेल्या पाहुण्याला नवी राजवटही दाखवायची, हा त्यामागचा उघड हेतू होता. यजमान सरकारच्या मर्जीवर उभी असलेली सहल किती अस्थिर असते, हेही तिथेच दिसले : मॉस्को विद्यापीठात इंग्रजी भाषकांसाठी 1934 मध्ये पार पडलेली उन्हाळी शाळा 1935 मध्ये ऐनवेळी रद्द झाली.

माजी विद्यार्थ्यांच्या संघटना त्याआधीपासून होत्या. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजची संघटना 1821 ची, म्हणजे सर्वांत जुनी. परंतु त्यांचे काम स्नेहमेळावे आणि देणग्या यांपुरते होते. त्यांना प्रवासाकडे वळवले ते विमानभाड्याच्या नियमांनी. अमेरिकेत 1978 पर्यंत हवाई भाडी सरकारी नियंत्रणाखाली होती आणि स्वस्त चार्टर विमान, म्हणजे गटासाठी भाड्याने घेतलेले अख्खे विमान, मिळवायचे तर गट प्रवासाखेरीज अन्य उद्देशाने स्थापन झालेला असावा लागे, शिवाय प्रवासी किमान सहा महिने त्याचा सभासद असावा लागे. या अटीसाठी कागदोपत्री मंडळेही निघाली. माजी विद्यार्थी संघटनेला मात्र असे काही रचावे लागत नव्हते; तिच्याकडे खरे सभासद आणि जुनी यादी दोन्ही होते. प्राध्यापक या गटात नंतर आला आणि बराच काळ पाहुण्यासारखा राहिला.

तो पाहुणा की शिक्षक, हा प्रश्न पुढे करखात्यापुढे गेला. धर्मादाय संस्थेने मूळ उद्देशाशी संबंध नसलेला धंदा केला तर त्या उत्पन्नावर कर लागतो, असा अमेरिकेतला कायदा 1950 पासून आहे. सहलींना तो कसा लावायचा, हे अर्थखात्याने फेब्रुवारी 2000 मध्ये उदाहरणांसह स्पष्ट केले, आणि त्यातले पहिलेच उदाहरण माजी विद्यार्थी संघटनेचे आहे : माहितीपत्रकात आजन्म शिक्षणाची भाषा आहे, प्राध्यापकही बहुतेक वेळा बरोबर असतो, पण ठरवून दिलेले अध्यापन नाही, म्हणून ही सहल शैक्षणिक नव्हे. शेजारच्या उदाहरणात दिवसाचे पाच-सहा तास अभ्यास, सोबत पुस्तकांचा संग्रह आणि शेवटी परीक्षा आहे. ती सहल शैक्षणिक ठरते. नियम कोरडा आहे, तरी माझ्या मते त्याने या प्रथेवर उपकारच केले, कारण सोबत येणाऱ्या प्राध्यापकाने काहीतरी शिकवले पाहिजे, हे त्यामुळे लेखी झाले.

क्यूबाच्या बाबतीत तर प्रवासाची परवानगीच शैक्षणिक स्वरूपावर अवलंबून राहिली. अमेरिकेने क्यूबावर घातलेल्या निर्बंधांमुळे अमेरिकी नागरिकांना तिथे निव्वळ पर्यटनासाठी जाता येत नाही. तिथल्या सामान्य लोकांशी थेट संपर्कासाठी जाण्याची, 1999 मध्ये सुरू झालेली सवलत 2003 मध्ये गेली, 2011 मध्ये परतली, 2019 मध्ये पुन्हा गेली आणि 2022 मध्ये गटांपुरती परत आली. पदवीच्या श्रेयांकांसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वेगळी वाट होती. माजी विद्यार्थ्यांना हीच. दिवसभराचा कार्यक्रम भरगच्च असला पाहिजे आणि आयोजक संस्थेचा प्रतिनिधी गटाबरोबर असला पाहिजे, अशी अट. कलेला यात निराळे स्थान मिळाले, कारण कलाकृती माहितीपर साहित्यात मोडत असल्याने निर्बंधांतून सुटते. 2011 नंतरच्या गटांना हवानाच्या चित्रकाराकडून चित्र विकत आणता येई, पण 2015 पर्यंत सिगार आणता येत नसे.

हवानातल्या कलाशाळांचा परिसर अशा गटांसाठी व्याख्यानाहून बोलका ठरतो. क्रांतीपूर्वी श्रीमंतांच्या क्लबचे गोल्फ मैदान असलेल्या जागेवर 1961 मध्ये पाच कलाशाळांचे बांधकाम सुरू झाले. पोलाद आणि सिमेंट यांची टंचाई होती, म्हणून रिकार्दो पोरो, रॉबेर्तो गोत्तार्दी आणि व्हित्तोरिओ गारात्ती या वास्तुविशारदांनी विटा आणि मातीच्या फरशा वापरून कॅटलान पद्धतीच्या कमानदार छतांची रचना केली. 1965 मध्ये काम थांबवले गेले, कारण तोवर सरकारला सोव्हिएत पद्धतीचे साचेबंद बांधकाम हवे होते आणि ही शैली उधळपट्टीची ठरली होती. निर्बंध, टंचाई, क्रांतीचा पहिला उत्साह आणि मागाहून आलेली शिस्त हे सारे त्या एका विटेच्या छताखाली उभे राहून समजावून देता येते.

व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत, म्हणजे ‘बिएनाले’ या कलाप्रदर्शनातही असेच घडते. 1895 पासून भरणाऱ्या या प्रदर्शनात देशोदेशींची स्वतंत्र दालने आहेत, आणि जर्मनीचे दालन 1938 मध्ये नाझी राजवटीने आपल्या रुचीप्रमाणे पुन्हा बांधले. 1993 मध्ये कलावंत हान्स हाके यांनी त्याची संगमरवरी फरशी फोडून ठेवली आणि दारापाशी हिटलर यांच्या 1934 मधील व्हेनिसभेटीचे छायाचित्र लावले. आत शिरलेल्या प्रत्येकाला तुकड्यांवरून चालावे लागत होते. 2024 मध्ये रशियाने आपले दालन बोलिव्हियाला वापरायला दिले, तर इस्रायलच्या दालनाला कुलूप होते : युद्धबंदी आणि ओलिसांची सुटका यांचा करार झाल्यावरच ते उघडेल, अशी सूचना खुद्द कलावंत आणि संयोजकांनी दारावर लावली होती. त्या वर्षी तिथे गेलेल्यांना प्रदर्शनातले एक चित्रफितीचे काम तेवढे बाहेर उभे राहून काचेतून पाहता आले.