आधी स्पीकर की आधी साउंड कार्ड : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

संगणकाचा आवाज सुधारायचा तर पैसे आधी कशात घालावेत, चांगल्या स्पीकरमध्ये की वेगळ्या साउंड कार्डात, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या, पेटीत बसवायच्या जोड-बोर्डात? आज बहुतेक जाणकार फारसा विचार न करता ‘स्पीकर’ म्हणून मोकळे होतात. 1993 मध्ये हे उत्तर साफ चुकले असते आणि 2003 मध्ये त्यावर तासभर हुज्जत चालली असती. मधल्या काळात स्पीकरचे भौतिकशास्त्र जागचे हलले नाही. कार्डाकडची कामे मात्र एकेक करून दुसऱ्यांकडे गेली.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. 1987 चे ॲडलिब आणि 1989 चे साउंड ब्लास्टर येईपर्यंत पीसीतून निघायचा तो बीप. 1992 च्या साउंड ब्लास्टर 16 ने सीडीच्या तोडीचा, म्हणजे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झचा (सेकंदाला 44,100 नमुने घेणारा) स्टिरिओ आवाज आणला. तेव्हा ‘कार्ड की स्पीकर’ असा पर्यायच नव्हता, कारण कार्ड नाही तर आवाजच नाही. त्या कार्डांवर छोटा ॲम्प्लिफायरही बसवलेला असे, त्यावर बिनपॉवरचे स्पीकर थेट चालत. पॉवरवाले स्पीकर जोडल्यावर मात्र तोच ॲम्प्लिफायर खरखर वाढवायचा. मग पेटी उघडून कार्डावरचे जंपर, म्हणजे जोडणी बदलणाऱ्या छोट्या टोप्या, हलवायचे आणि आउटपुट लाइन लेव्हलवर, म्हणजे ॲम्प्लिफायर टाळणाऱ्या क्षीण सिग्नलवर, न्यायचे. संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये कार्ड कुठे सापडेल ते सांगणारे ए220, आय5, डी1 हे आकडे बरोबर पडले नाहीत तर गेम मुकाच राहायचा.

तेव्हाची एक गंमत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सीडी ड्राइव्हमधून चार तारांची बारीक केबल कार्डावर यायची. ऑडिओ सीडी वाजताना डिजिटलचे ॲनालॉग रूपांतर ड्राइव्हच करायचा आणि कार्ड तो सिग्नल फक्त पुढे ढकलायचे. ‘कार्ड बदलल्यावर सीडी किती खुलली’ अशी तारीफ करणारे बऱ्याचदा ड्राइव्हचेच कौतुक करत असत.

पहिला तडा गेला 1997 च्या सुमारास. एसी 97 नावाच्या ठरीव रचनेमुळे डिजिटल-ॲनालॉग रूपांतर करणारी कोडेक चिप थेट मदरबोर्डवर आली आणि मिसळणीचे, म्हणजे अनेक आवाज एकत्र करण्याचे, काम प्रोसेसरवर पडले. त्या पिढीचा ऑनबोर्ड आवाज खरोखरच वाईट होता, आणि त्याची बदनामी आजतागायत टिकून आहे. कारणे दोन. मूळ रचना 48 किलोहर्ट्झवर बांधलेली होती, त्यामुळे 44.1 चे संगीत बदलून घ्यावे लागे आणि ते रूपांतर बरेचदा निकृष्ट असे. दुसरे, ॲनालॉग भागाचे ग्राउंड बाकीच्या बोर्डापासून नीट वेगळे केलेले नसे. माउस हलवला की स्पीकरमधून बारीक चिरचिर यायची. पण 1998 चे नावाजलेले साउंड ब्लास्टर लाइव्हसुद्धा आतून सगळे 48 वरच नेत असे. वेगळ्या कार्डाचा खरा फायदा निराळाच होता: त्याची स्वतःची चिप अनेक आवाज मिसळायची, गुहेचा किंवा दालनाचा घुमारा द्यायची, आणि तेव्हाच्या प्रोसेसरचा भार हलका करायची. गेममध्ये सेकंदाला दोन-चार फ्रेमचा फरक दिसायचा.

घुमाऱ्याच्या या शर्यतीत दोन कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या. त्यातली एक न्यायालयात जिंकूनही दिवाळखोरीत गेली आणि 2000 साली तिची मालमत्ता प्रतिस्पर्धी कंपनीनेच विकत घेतली. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचा हिशेब करणारे तिचे तंत्र त्याबरोबर जवळपास संपले.

2004 मध्ये एसी 97 ची जागा घेणारी एचडी ऑडिओ ही रचना आली. आठ चॅनेल, 192 किलोहर्ट्झपर्यंतचा दर, जॅकमध्ये काय घातले ते ओळखण्याची सोय. कागदावर ऑनबोर्ड आणि कार्ड यांतली दरी इथेच बुजली. तरी कार्डाच्या बाजूने एक हुकमी मुद्दा उरला होता, तो म्हणजे गेममधले हार्डवेअर इफेक्ट. 2005 मध्ये आलेली कार्डे 128 आवाज एकाच वेळी हाताळत.

तो मुद्दा विंडोज व्हिस्टाने काढून घेतला. या निर्णयावर जेवढी भांडणे झाली तेवढी संगणकाच्या आवाजाच्या इतिहासात दुसऱ्या कशावर झाली नसतील, म्हणून तो नीट समजून घ्यावा लागतो. व्हिस्टा कंपन्यांना 2006 च्या नोव्हेंबरात आणि घरगुती ग्राहकांना 2007 च्या जानेवारीत मिळाले. आधी डायरेक्टसाउंड ही विंडोजची आवाजाची सोय वापरणारा गेम थेट कार्डाच्या चिपपर्यंत पोहोचू शकत असे, आणि मिसळणीचे बरेचसे काम प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चाले. तिथे ड्रायव्हर कोसळला की आख्खे मशीन निळ्या पडद्यावर. व्हिस्टात मिसळणी गाभ्याबाहेर आणली गेली आणि डायरेक्टसाउंडची हार्डवेअरकडे जाणारी वाट बंद केली गेली. जुना गेम ‘हार्डवेअर आहे का?’ असे विचारायचा, प्रणाली ‘नाही’ म्हणायची, गेम निमूटपणे साध्या स्टिरिओवर उतरायचा. महागडे कार्ड बसवलेले असूनही मेनूतला इफेक्टचा पर्याय फिका दिसायचा.

कार्डवाल्यांची ओरड समजण्यासारखी होती, पण निर्णय योग्य होता. तेव्हाचे ध्वनीचे ड्रायव्हर भरवशाचे नव्हते, आणि एव्हाना ड्युअल-कोर प्रोसेसरला शंभरभर आवाज मिसळणे जड राहिलेले नव्हते. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करण्याची सोयही याच बदलातून मिळाली. चूक झाली ती जुन्या गेमांसाठी अधिकृत पूल न ठेवण्यात. मग डायरेक्टसाउंडच्या हाका ओपनएएल या आवाजाच्या दुसऱ्या सोयीकडे वळवणारा जोडप्रोग्राम साउंड ब्लास्टरच्या कंपनीला द्यावा लागला, कारण ओपनएएल अजून ड्रायव्हरशी थेट बोलू शकत होते. 2008 च्या मार्चमध्ये एका हौशी प्रोग्रामरने ड्रायव्हर दुरुस्त करून व्हिस्टावर बंद पडलेल्या सोयी चालू करून दिल्या, तर कंपनीने त्यालाच थांबायला सांगितले. ग्राहक खवळले. कार्डांची पत जी गेली ती पुन्हा पूर्वीसारखी आली नाही.

स्पीकरची बाजू या साऱ्या काळात संथ होती. नव्वदच्या दशकातल्या स्पीकरमध्ये चुंबकाला कवच लागायचे, नाहीतर सीआरटी (जुन्या, काचेच्या नळीच्या) पडद्याच्या कडेला जांभळे-हिरवे डाग पडायचे. खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीपुरत्या फुगवलेल्या क्षणिक शक्तीचे, शेकड्यांनी वॉट छापलेले असत. खरी, सलग मिळणारी शक्ती आरएमएसमध्ये पाहावी, ती अनेकदा एकआकडी निघायची. बाकी भौतिकशास्त्र तेच. तेवढाच मोठा आवाज 100 ऐवजी 50 हर्ट्झवर हवा असेल तर स्पीकरला चौपट हवा हलवावी लागते, आणि तीन इंची वूफर ती हलवू शकत नाही. म्हणून टू पॉइंट वन संच, म्हणजे दोन छोटे (उपग्रह) स्पीकर आणि बाससाठी एक वेगळा डबा, आले. त्यांत उपग्रह स्पीकर इतके छोटे केले गेले की 150-200 हर्ट्झपर्यंतचे काम जमिनीवरच्या डब्यावर पडले आणि पुरुषी आवाज टेबलाखालून येऊ लागले. फरक किती ते पाहा: लहान स्पीकर मोठ्याने बास वाजवताना काही टक्के विकृती (मूळ आवाजात नसलेली भर) सहज करतो, तर आजच्या साध्या ऑनबोर्ड चिपची विकृती एका टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. साखळीत कच्चा दुवा कोणता, याचा निकाल इथेच लागतो.

तरीही आवाज खराब येत असेल तर कार्ड विकत घेण्याआधी दोष शोधावा. स्पीकरची पिन फोनमध्ये किंवा दुसऱ्या प्लेअरमध्ये घाला. खरखर थांबली तर दोष संगणकाचा, राहिली तर स्पीकरच्या ॲम्प्लिफायरचा. संगणकाचा असेल तर पुढचा जॅक सोडून मागचा हिरवा जॅक वापरा, कारण पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते आणि तिथला गोंगाट उचलते. मिक्सरमध्ये माइक आणि लाइन-इन म्यूट करा. विंडोजचा आवाज 80 टक्क्यांच्या वर ठेवा आणि कमीजास्त स्पीकरच्या बटणावर करा, उलटे केले तर हिस वाढते. सलग ‘घूं’ असा सूर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. सूर थांबला म्हणजे ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून वीज फिरते आहे. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, नाहीतर मधे आयसोलेटर, म्हणजे विजेची थेट जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी, लावा. स्वस्त आयसोलेटर बास खातो, आणि अर्थिंगची पिन तोडणे हा उपाय नव्हे, धोका आहे. ऑप्टिकल वायरने लूप तुटतो, पण तिच्यातून बिनदाबलेले दोनच चॅनेल जातात. गेमचा फाइव्ह पॉइंट वन (पाच स्पीकर आणि एक बासचा डबा) हवा असेल तर तो जागच्या जागी दाबून पाठवणारे हार्डवेअर लागते. तशी सोय 2001 मध्ये एका मदरबोर्ड चिपसेटने दिली होती, पुढे ती दुर्मिळ झाली.

हेडफोनचे गणित वेगळे. पॉवरवाल्या स्पीकरचा इनपुट अवरोध साधारण 10 किलोओहम असतो, त्यामुळे ऑनबोर्ड जॅकमागे 75 ओहमचा रोध असला तरी बिघडत नाही. 32 ओहमच्या हेडफोनला मात्र तोच रोध बास ढिला करतो, आणि 250-300 ओहमच्या हेडफोनला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. तिथे खर्च सार्थकी लागतो, फक्त तो पीसीआयच्या खाचेतल्या कार्डावर न करता यूएसबीच्या बाहेरच्या डब्यावर करावा. विंडोज 10 मध्ये 2017 पासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा ड्रायव्हर आयताच येतो, त्यामुळे असा डबा जोडल्याबरोबर चालतो. आणि यूएसबी इनपुट असलेले स्पीकर घेतले तर रूपांतर करणारी चिप स्पीकरच्या पेटीतच असते. अशा स्पीकरमागे साउंड कार्ड लावणाऱ्याचे कार्ड वापरलेच जात नाही.