'बर्नआउट पॅराडाइज' न्यावा की 'हॉट पर्स्यूट'? डिस्क नेण्याआधी वाचा

शनिवारी संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गेमच्या दुकानात, काउंटरवर हमखास विचारलं जातं, "रेसचा चांगला गेम कुठला, 'बर्नआउट पॅराडाइज' की 'नीड फॉर स्पीड हॉट पर्स्यूट'?" आणि सोमवारी त्यातलीच एखादी डिस्क परत येते. "सीडी खराब दिलीत. दुसरा रिमोट चालतच नाही."

सीडी चांगली असते आणि रिमोटही. या दोन्ही गेममध्ये स्क्रीनचे दोन भाग करून दोघांनी एकदम गाडी चालवायची सोयच नाही. घरात दोन भावंडं असतील तर बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं लक्षात ठेवा. ऑनलाइन एकमेकांविरुद्ध खेळता येतं, पण त्यासाठी दोन कन्सोल, दोन टीव्ही, दोन डिस्क आणि वर पीएस प्लसची, म्हणजे प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेची, वर्गणी. 'पॅराडाइज'मध्ये 'बर्नआउट पार्टी' म्हणून एक प्रकार आहे, त्यात एकच रिमोट आळीपाळीने फिरवायचा. मोठ्यांना मजा येते. सहा वर्षांचा धाकटा आपली पाळी येईपर्यंत थांबेल का, ते तुम्हीच ठरवा.

घोळ का होतो तेही आम्हाला माहीत आहे. २००४ चा पीएस टूवरचा 'बर्नआउट ३' दोघांना एका टीव्हीवर खेळता यायचा. कॉलेजात तो खेळलेले बाबाच आज मुलासाठी डिस्क न्यायला येतात. म्हणून आम्ही पैसे घेण्याआधी "खेळणार किती जण?" असं विचारतो. काहींना ती चौकशी वाटते, पण त्या एका प्रश्नाने तुमची फेरी वाचते. आणि विचारून, सांगून डिस्क दिल्यावर याच कारणासाठी पैसे परत मिळत नाहीत. सात दिवसांत बदलून मात्र देतो.

आता एकट्याने खेळणाऱ्यांसाठी. दोन्ही गेम इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या क्रायटेरियन स्टुडिओचे. 'पॅराडाइज' २००८ चा, 'हॉट पर्स्यूट' २०१० चा. आमच्याकडे पीएस फोरसाठी आहेत त्या नव्याने सुधारलेल्या आवृत्त्या, अनुक्रमे २०१८ आणि २०२० च्या. स्टुडिओ एकच असला तरी दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

'पॅराडाइज'मध्ये अख्खं शहर मोकळं. सिग्नलला उभं राहून रिमोटवरची एल टू आणि आर टू ही बटणं एकदम दाबली की शर्यत सुरू (तीन हात नाक्यावर करून बघू नका). रेसला ठरलेला रस्ता नसतो. शेवट कुठे ते सांगतात, गल्ल्या तुमच्या तुम्ही शोधायच्या. "गाडी भलतीकडेच जाते" ही तक्रार इथूनच येते. स्क्रीनच्या वरच्या बाजूला रस्त्याचं नाव लुकलुकलं की तिथे वळायचं, नजर तिकडे ठेवा. गाड्या काल्पनिक आहेत, पण आपटल्यावर त्यांचा जो चुराडा होतो तो पाहायलाच अर्धे लोक हा गेम नेतात.

'हॉट पर्स्यूट' म्हणजे मध्यरात्रीचा रिकामा घोडबंदर रोड. रुंद, वळणावळणाचे हायवे, ठरलेला मार्ग आणि खऱ्या कंपन्यांच्या गाड्या: लॅम्बोर्गिनी, पोर्शे, बुगाटी. पळणारा व्हा किंवा पोलीस व्हा. पोलिसाला रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकता येते, नाकाबंदी लावता येते, हेलिकॉप्टर बोलावता येतं. वळणावर ब्रेक धरून ठेवू नका. हलकेच टेकवून सोडा आणि पुन्हा वेग द्या, गाडी आपोआप घसरत वळते.

आमचं मत विचाराल तर पहिल्यांदाच घेणाऱ्याने 'हॉट पर्स्यूट' न्यावा, रस्ता चुकायची भीती नाही. रोज तासभर नुसतं भटकायला आवडत असेल तर 'पॅराडाइज'. आणि दोन भावंडांसाठी यातला एकही नको. पीएस फोर असेल तर 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड' न्या, निन्टेन्डो स्विच असेल तर 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'. दोन्हींत एका टीव्हीवर चौघं खेळतात. जुनी डिस्क आणलीत तर तिची किंमत वजा करून देतो.

इन्स्टॉल झाल्यावरही खेळताना डिस्क आत लागतेच, तेव्हा "काम झालं, परत घ्या" असं होत नाही. पीएस फाइव्ह असेल तर येताना मोबाइलवर कन्सोलचा फोटो काढून आणा. डिस्कची फटच नसलेलं मॉडेल असेल तर ही डिस्क त्यात लागणार नाही, ते आम्ही काउंटरवरच सांगू.