गोठ्यातलं रगात

पन्हाळ्याच्या पायथ्याला ओळखीच्या एका आक्कांचा गोठा आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मला सकाळी सकाळीच बोलावून घेतलं. "सर, वाघूळ म्हशीचं रगात पितंय. ह्ये बघा." गव्हाणीशेजारी फरशीवर वाळून काळपट पडलेले चार-पाच थेंब होते. थेट वर गोठ्याची तुळई.

मी आधी म्हशीकडे वळलो. मान, कान, खूर, कास, सगळं चाचपलं. जखम कुठेच नाही; कानामागे टपोऱ्या गोचिडी मात्र होत्या. मग उकिडवा बसून थेंबांच्या आसपास बघितलं. बेडकाचा मागचा पाय, भुंग्याचे कडक पंख, उंदराची शेपटी. रक्त म्हशीचं नव्हतंच.

रात्री बॅटरी घेऊन परत गेलो. दहाच्या सुमारास ते आलं, तुळईला उलटं लटकलं आणि आणलेला बेडूक डोक्याकडून खायला लागलं. कान भलेमोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले. नाकावर उभं पान. याचं इंग्रजी नावच 'फॉल्स व्हॅम्पायर', म्हणजे खोटा रक्तपिपासू. ते किडे, बेडूक, पाली, उंदीर, कधी लहान पक्षी खातं. गवतातली सळसळ नुसत्या कानांनी टिपून भक्ष्यावर झेप घेतं आणि शिकार ठरलेल्या जागी आणून खातं. दिवसा गुहेत, जुन्या देवळात नाहीतर पडक्या वाड्यात झोपतं. गुन्हा नावाचा, शिक्षा त्याला.

खऱ्या रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत. वटवाघळांच्या एकूण जाती चौदाशेच्या वर, त्यांतल्या या तीन, आणि तिन्ही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंतच. दोघींचा ओढा पक्ष्यांच्या रक्ताकडे. गुरांच्या मागे लागणारी तिसरी, आणि तिचं वजन साधारण एका लिंबाएवढं.

ही जात सहसा जनावराच्या अंगावर झडप घालत नाही. जवळ जमिनीवर उतरते आणि पंखांच्या मनगटांवर जोर देत चालत, वेळ पडली तर चक्क पळत जाते. वटवाघळाला पळता येतं हे 2005 मध्ये संशोधकांनी तिला ट्रेडमिलवर सोडून दाखवलं. तिच्या नाकाभोवती उष्णता ओळखणारे खळगे असतात. कातडीखाली गरम रक्त कुठे वाहतंय ते त्यांनी कळतं. आपल्याला मिरची झोंबते ती ज्या प्रथिनामुळे, त्याचंच थोडं बदललेलं रूप तिथे कामाला लावलेलं आहे, हे 2011 मध्ये उघड झालं. तांबडा रस्सा ओरपताना कोल्हापूरकराने हे आठवायला हरकत नाही.

वरचे पुढचे दात वस्तऱ्यासारखे. त्यांवर एनॅमल नसतं, म्हणून धार टिकते. ती आधी केस कातरते, मग काही मिलिमीटरचा काप घेते. झोपलेल्या गाईला बहुधा पत्ता लागत नाही. रक्त ती शोषत नाही, मांजर दूध पितं तसं चाटते. लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्याचं नाव ड्रॅक्युलिन (शास्त्रज्ञांनाही कधी कधी गंमत सुचते). वीस-तीस मिनिटांत जवळजवळ स्वतःच्या वजनाच्या निम्मं रक्त पोटात जातं. एवढं ओझं घेऊन उडायचं कसं? प्यायला लागल्यावर काही मिनिटांतच तिची लघवी सुरू होते. रक्तातलं पाणी बाहेर, प्रथिनं आत.

पण दोन-तीन रात्री उपास घडला की ती मरते. म्हणून उपाशी परतलेलीला शेजारीण पोटातलं रक्त ओकून भरवते. जेरल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात हा व्यवहार नोंदवला आणि 1984 मध्ये प्रसिद्ध केला. उसनवारी आपल्या गल्लीतल्या साखरेसारखी: देणारीला पुढे मिळतं.

आता रोगाचं. 1925 च्या सुमारास त्रिनिदादमध्ये गुरं मागच्या पायांनी लुळी पडून मरू लागली. अन्नातून विषबाधा झाली असं वाटलं. 1929 पासून माणसंही गेली, तेव्हा पोलिओ म्हटलं. जोसेफ लेनॉक्स पवान या जीवाणूशास्त्रज्ञाने मेंदूचे नमुने तपासले आणि 1931-32 मध्ये कोडं सुटलं: तो रेबीज होता आणि आणणारी ही वटवाघळं. कुत्रं पिसाळतं, अंगावर येतं, हेच डोक्यात असल्यामुळे गप्प बसून लुळी पडणारी गाय रेबीजची असेल हे कोणाला सुचलंच नव्हतं.

पुढे उपाय निघाला तोही त्यांच्या जिव्हाळ्यावरच बेतलेला. एकीला पकडून पाठीवर रक्त पातळ करणाऱ्या विषाचा मलम लावायचा आणि सोडून द्यायचं; बाकीच्या तिला चाटून साफ करतात आणि मरतात. वटवाघळं कमी होतात, रेबीज कमी होतोच असं नाही. पेरूतल्या अभ्यासांत दिसलं की साथ आल्यावर अशी कत्तल केली तर उरलेली पांगतात आणि विषाणूही त्यांच्याबरोबर नव्या जागी जाऊ शकतो. गुरांना लस टोचणं जास्त भरवशाचं.

आपल्याकडे रेबीजचं मुख्य कारण कुत्रं. पिसाळलेलं कुत्रं म्हशीला चावलं की दूध प्यालेलं अख्खं गाव लशीला रांग लावतं. उकळलेल्या दुधात तो विषाणू टिकत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही, पण कच्चं प्यायलं असेल तर डॉक्टरांना विचारलेलं बरं. वटवाघूळही अगदी सोवळं नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या 2020 मधल्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. म्हणून ते उघड्या हातांनी धरायचं नाही. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवायची आणि लशीसाठी दवाखाना गाठायचा.

आक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं. "मग त्या गोचिडीचं औषध सांगा की. रगात तीच पितीया." बरोबर होतं त्यांचं. गोचिडीतून गुरांना थायलेरिओसिससारखा ताप येतो, तिच्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. वाघळाचा प्रश्न तेवढा उरला: घाण गव्हाणीत पडते. तुळईखाली खताचं रिकामं पोतं बांधलं. आठवड्यानं सोडून बघितलं तर आत बेडकांचे सात पाय, उंदरांच्या दोन शेपट्या आणि ओंजळभर भुंग्यांचे पंख.